दादरीच्या गव्हातलं रानमांजर

एप्रिलात मी दिल्लीला जाऊन आले ते एका मांजरासाठी, असं सांगितलं की आमच्या निफाडच्या भजनी मंडळातल्या बायका एकमेकींकडे बघतात. बघोत बापड्या. लाल किल्ला मी रिक्षातून पाहिला, कुतुबमिनार तर तेवढाही नाही. परत आल्यावर प्रत्येकीला तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून काढते.

माझी भाची ऋचा दिल्लीत राहते आणि रानमांजरावर पीएचडी करते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणते की एवढं शिकवलं आणि पोरगी मांजराच्या मागे लागली. मार्च सरता सरता ऋचाचा फोन आला. दादरीजवळ गव्हाच्या एका शेतात ती एका मादीवर दोन वर्षं लक्ष ठेवून होती. गेल्या साली त्या मादीची पिल्लं कापणीच्या दिवशी कुत्र्यांनी फाडली, ऋचाच्या डोळ्यांदेखत. यंदा त्याच शेतात तिनं पुन्हा पिल्लं घातली होती आणि गहू पिवळा पडत आला होता.

"मावशी, तू ये यार," ती म्हणाली. "माझं तिथे कोणी ऐकत नाही. मी त्यांच्यासाठी कॅमेरेवाली मॅडम आहे. तू शेतकरी आहेस, तू बोल त्यांच्याशी."

ऋचा रडणारी पोर नाही. त्या दिवशी तिचा आवाज ओला होता. आमची द्राक्षं नुकतीच निघाली होती, वेलींची खरड छाटणी यांच्या गळ्यात घातली आणि मी गाडीत बसले.

मुनिरका

ऋचाची खोली मुनिरक्यात चौथ्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद, की माझी बॅग आधी आणि मी मागून, असं आम्हाला एकामागून एक वर जावं लागलं. खिडकी उघडली तर समोरच्या घरातल्या माणसाच्या ताटात काय वाढलंय ते दिसतं. गल्लीत वरती तारांचं जाळं आणि खाली मोमोच्या गाड्या. मोमो मी खाल्ले. आपल्या उकडीच्या मोदकाला गुळाऐवजी कोबी भरून वर लसणाची चटणी लावली तर कसं लागेल, तसं लागलं. वाईट नाही, पण मोदकाची आठवण काढत खाऊ नये.

मी आल्याचं कळताच शेजारच्या खोल्यांतली मराठी मुलं काळ्या मसाल्याच्या वासानं जमली. सगळी स्पर्धा परीक्षेची. त्यात परभणीचा इम्रान म्हणून एक मुलगा होता, त्याला कुठल्या प्राण्याला किती धोका आहे ते पाढ्यासारखं पाठ. वाघ संकटग्रस्त, बिबट्या असुरक्षित, मासेमार मांजर असुरक्षित, रानमांजर कमी चिंतेचं. मी त्याला विचारलं, यातलं पाहिलंस काय? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मावशी, बिबट्या. प्राणिसंग्रहालयात. तोही झोपला होता."

सगळे हसले, ऋचा हसली नाही. कमी चिंतेचं हा शब्द तिला विंचवासारखा चावतो. ती म्हणाली की जगभर हे मांजर अजून बऱ्यापैकी आहे, म्हणून त्या यादीत ते तसं लिहिलंय, आणि त्यात खोटं काही नाही. पण कमी चिंता याचा अर्थ कोणीच चिंता करायची नाही असा सगळ्यांनी लावला. वाघासाठी अख्खं जंगल राखतात. हे मांजर जंगलात फार राहतच नाही. ते शेतात, गवतात, नाल्याच्या काठी राहतं, आणि दिल्लीभोवतीची शेतं तर रोज थोडी थोडी प्लॉट होत चालली आहेत. त्याच्यासाठी राखीव असं काही नाही. त्याचं राखीव म्हणजे कुणाचा तरी गहू.

तिनं फोनवर मादीचा फोटो दाखवला. मातकट रंग, लांब पाय, कानाच्या टोकाला काळे केस, शेपटीवर शेवटाकडे काळी कडी. आमच्याकडे याला बाऊल म्हणतात. उसात दिसलं की लोक बिबट्याचा बच्चा म्हणून आरडाओरडा करतात.

गाझियाबादच्या पुढे

मुनिरक्याहून शेत लांब पडतं, म्हणून आम्ही गाझियाबादला माझी मामेबहीण मेधा हिच्याकडे मुक्काम हलवला. तिचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. त्यांच्या उंच घराच्या गॅलरीतून एका अंगाला इमारतीच इमारती दिसतात आणि दुसऱ्या अंगाला अजून शिल्लक राहिलेली शेतं. मेधाचा मुलगा मराठी छान बोलतो, पण मी 'बांधावरून जाऊ' म्हटलं तर त्यानं विचारलं, "बांध मतलब?" मेधानं त्याला सांगितलं की दोन शेतांच्या मधली मातीची कड. तो म्हणाला, "अच्छा, बाउंड्री." बरोबरच आहे. त्याच्या वाट्याला बांध आलाच कुठे?

शेत महिपाल चौधरींचं. साठीचे, उंच, गळ्यात गमछा, बोलणं मोजकं. ऋचाला त्यांनी दोन वर्षं शेतात फिरू दिलं होतं ते केवळ ती पायवाटेवरूनच चालते म्हणून. मी निफाडची आणि द्राक्षबाग करते म्हटल्यावर त्यांनी खाट बाहेर काढली. चौधराइनीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझं मनगट धरून विचारलं, ट्रॅक्टर चलाओ हो? मी हो म्हटलं तर त्या इतक्या खूश झाल्या, की माझ्या रोटीवर लोण्याचा दुसरा गोळा आला. उडदाची डाळ, हातावर थापलेली जाड रोटी, गूळ, आणि तांब्याएवढ्या पेल्यात मठ्ठा. गूळ तिथे जेवताना तोंडी लावतात, आपल्यासारखा पाहुण्याला पाण्याबरोबर देत नाहीत. मी दोनदा मागून घेतला.

जेवण झाल्यावर शेत पाहिलं. एका टोकाला डांबरी रस्ता, दुसऱ्या टोकाला नाला आणि त्याच्या काठी सरकंडा, म्हणजे उसाहून उंच आणि चिवट गवत. डावीकडे मोहरी निघून मोकळं झालेलं रान आणि उजवीकडे बांधापलीकडे गहूच. नाल्यापलीकडे सारस पक्ष्यांची जोडी चरत होती, माणसाएवढी उंच, तांबड्या डोक्याची. मी बघतच राहिले. माझी चप्पल पाटाच्या चिखलात रुतून तुटली ती त्या भरात, आणि पुढचे दिवस मी मेधाची वापरली.

ऋचानं बोट करून दाखवलं. शेताच्या मध्यावर, थोडं नाल्याच्या बाजूला, मादी तोंडात उंदीर घेऊन शिरते आणि रिकाम्या तोंडानं बाहेर येते. पिल्लं तिथे. उचलून बाहेर ठेवावीत का, असं मी विचारलं. आमच्याकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की क्रेटमध्ये घालून संध्याकाळी तिथेच ठेवतात आणि आई येऊन नेते. ऋचा म्हणाली, इथे कुत्र्यांच्या टोळ्या आहेत, आई यायच्या आत क्रेटशी कुत्रं पोचेल. आणि गावात नेली तर कोणीतरी प्रेमानं गाईचं दूध पाजून मारेल.

मग कापणी कशी करतात ते मी चौधरींना विचारलं. पंजाबातून कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं मोठं यंत्र, येतं. ते शेताच्या कडेनं सुरू होतं आणि गोल गोल फिरत आत येतं. आतले सगळे जीव मधे मधे सरकतात. शेवटी मध्ये उभ्या गव्हाचं एक बेट उरतं, आणि त्याच्या भोवती गावातली तरणी पोरं काठ्या आणि कुत्री घेऊन उभी राहतात, सशासाठी. ही तिथली दर सालची मौज. गेल्या वर्षी ऋचानं पाहिलं ते हेच.

आमच्याकडे उसाची तोड एका बाजूने पुढे जाते. त्यात दया वगैरे काही नाही. आत बिबट्या असेल तर त्याला पुढे निघून जायला वाट हवी, नाहीतर तो तोडणाऱ्याच्या अंगावर येईल. मी चौधरींना तेच सांगितलं, माझ्या नाशिककडच्या हिंदीत. रस्त्याकडून सुरू करून आडवे पट्टे कापत नाल्याकडे सरका. आत जे असेल ते सरकंड्यात निघून जाईल. जनावर छोटा हो या बडा, उसको रस्ता तो होना ना.

चौधरींनी आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला ढग होते.

"बहनजी," ते म्हणाले, "पहले गेहूँ, फेर बिल्ली."

मी वाद घातला नाही. पिकल्या मालावर ढग आले की माणसाला दुसरं काही सुचत नाही, ते मला कोणी शिकवायला नको. आमच्या घडांवर गारा पडलेल्या मी पाहिल्यात. पण परतताना मी मनाशी ठरवलं की हे असं सोडायचं नाही.

कापणीचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी दव उडाल्यावर कंबाइन आलं. ऑपरेटर लखविंदर, हसरा, दाढीवर धूळ. त्याला पट्ट्यांचं सांगितल्यावर त्याचं हसू कमी झालं. गोल फिरताना यंत्र कापतच राहतं. आडवे पट्टे घेतले तर प्रत्येक टोकाला वळायचं, तेवढा वेळ जातो, तेवढं डिझेल. त्याचंही खोटं नव्हतं. चौधरी म्हणाले, गोलच कर. मशीन शेताच्या तोंडाशी उभं राहिलं आणि सुरू होताना त्याचा एक बेल्ट तुटला. लखविंदर खाली उतरून मशीनच्या पोटात शिरला.

तेवढ्यात पोरं आली. कोणी मोटरसायकलवर, कोणी चालत, आणि बरोबर आठ-दहा कुत्री. कापणी सुरूही झाली नव्हती. कुत्री गव्हात घुसली, त्यांच्यामागे पोरं घुसली आणि उभा गहू आडवा व्हायला लागला. चौधरी ओरडत धावले. पोरं हसत बाहेर आली, कुत्री मात्र पाच-सात हाका मारल्यावर. चौधरी परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. दर साली हेच करतात, ते धापा टाकत म्हणाले, बेट उरलं की चहूबाजूंनी शिरतात आणि चांगला गहू तुडवतात. दर साली माझं यांच्याशी भांडण होतं.

दया, निसर्ग, उंदीर खाणारं उपयुक्त जनावर, हे सगळं ऋचाचं सांगून झालं होतं, वाटेचं माझं काल बोलून झालं होतं, आणि त्यातलं काही उपयोगाला आलं नव्हतं. आता मात्र धागा हाती आला. मी म्हटलं, चौधरीसाहब, ये लडके किस के लिए आते? बेट के लिए. आप बेट बनाओच मत.

 मी काठीनं मातीत शेत काढलं. एका बाजूने कापत गेलं तर मधे बेट उरतच नाही. ससे पुढे पुढे पळत सरकंड्यात जातात, घेरायला काही राहत नाही, आणि पोरांना कुत्री घेऊन उभं राहायला कारणही राहत नाही. तुमचा शेवटचा गहू तुडवला जाणार नाही. मांजराचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही.

चौधरींनी गमछ्यानं तोंड पुसलं. मग मशीनखालून बाहेर आलेल्या दोन पायांना उद्देशून ते म्हणाले, "लखविंदर, सीधा काट. सड़क से नाले की ओर."

लखविंदर कुरकुरला. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, वळणं कशी कमी करायची ते दोघं मिळून बघू. दोन पट्टे सोडून तिसऱ्यात शिरायचं आणि सोडलेले पुढच्या फेऱ्यांत घ्यायचे, म्हणजे जागच्या जागी वळावं लागत नाही. त्यानं करून पाहिलं आणि वरून अंगठा दाखवला. त्या एका अंगठ्याचा मला आमच्या द्राक्षांना चांगला भाव मिळाल्याइतका आनंद झाला.

दुपारभर आम्ही मशीनबरोबर चाललो. तित्तिर उडाले, ससे सरळ नाल्याकडे पळाले, एक मुंगूस बांधावर उभं राहून आम्हाला बघून गेलं. पोरं तासाभरात कंटाळली आणि मोटरसायकली सुरू करून कुत्र्यांसकट निघून गेली. चौधरी त्यांच्या पाठीकडे बघून पहिल्यांदा हसले. ढग पांगले होते. नाल्याकडची एक रुंद पट्टी तेवढी उभी होती.

मशीन अचानक थांबलं. लखविंदरनं वरून हात केला आणि इंजिन बंद केलं. त्याच्या उंच बैठकीवरून त्याला आधी दिसलं होतं.

ती बाहेर आली. फोटोपेक्षा लहान वाटली आणि पाय फोटोपेक्षा लांब. तोंडात पिल्लू, मानेला धरलेलं, पाय पोटाशी घेतलेलं. आमच्याकडे तिनं एकदा पाहिलं. मी मनात म्हणत होते, नाल्याकडे, बाई, नाल्याकडे. सकाळपासून आम्ही तुझ्यासाठीच वाट मोकळी ठेवली आहे. ती उजवीकडे वळली, बांधावर चढली आणि पलीकडच्या उभ्या गव्हात शिरली. थोड्या वेळानं रिकामी आली, दुसरं घेऊन गेली. मग तिसरं. ऋचानं माझा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं. मला वाटलं ती आनंदानं रडतेय. तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता.

बांधापलीकडे

"मावशी, ते शेत यांचं नाही," ती म्हणाली. "जगबीरचं आहे, त्यांच्या भावाचं. दोघं बोलत नाहीत. मला तो बांधावर पायसुद्धा ठेवू देत नाही."

आणि मशीन तर पुढे तिकडेच जाणार होतं. लखविंदरनंच सांगितलं, कल सुबह जगबीर का नंबर. गोल कापायचं, लवकर उरकायचं, अशी त्याची ताकीद होती. पांगलेली पोरं उद्या कुठे जातील हे कोणी सांगायला नको होतं.

मी आयुष्यात कमी वेळा हतबल झाले असेन. सरकंड्याचं सगळं गणित माझं होतं. आमचा बिबट्या नाला धरतो, म्हणून हे मांजरही नालाच धरेल असं मी ठरवून टाकलं होतं, आणि त्या मादीनं मात्र जिथे उद्यापर्यंत गहू उभा आहे तिथे पिल्लं नेली होती. तिच्या हिशोबानं तीच शहाणी होती.

ऋचा म्हणाली, आपण जाऊ, पाया पडू. मी म्हटलं, जाऊ. चौधरी ऐकत होते. त्यांनी शेवटची पट्टी कापायला लखविंदरला खूण केली, पाटावर हातपाय धुतले, गमछा झटकून पुन्हा गळ्यात घातला आणि बांध चढले. बांधावर ते थोडे थांबले. ज्या मातीवरून भांडण झालं ती हीच असणार. मग पलीकडे उतरून ते चालायला लागले आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे.

जगबीरचं घर शेताच्या टोकाला. तो अंगणात म्हशीला वैरण घालत होता. चेहरा अगदी महिपालांचा, फक्त केस काळे. त्यानं भावाला फाटकात पाहिलं आणि हातातली वैरण हातातच राहिली. बसा म्हणाला नाही. घरातून एक बाई डोकावली आणि लगेच आत गेली.

महिपाल चौधरी फाटकाबाहेरच उभे राहिले. जमिनीचं बोलले नाहीत, घराचं बोलले नाहीत. रानमांजरानं पिल्लं तुझ्या गव्हात नेलीत, त्यांनी सांगितलं. गोल कापलास तर कुत्री खातील आणि पोरं तुझा गहू तुडवतील. मी आज एका बाजूने कापला. कापायला लागल्यावर एक दाणा तुडवला गेला नाही. एवढंच ते बोलले.

जगबीरनं म्हशीसमोर वैरण टाकली. हात झटकले. भावाकडे न बघता, ऋचाकडे बघत, त्यानं विचारलं, "किधर से काटणी है?"

ऋचा तोंड उघडणार तोच चौधरींनीच हात उचलून दाखवलं, रस्त्याकडून.